तिसरा धोटा

बुटीबोरीच्या ट्रेनिंगमध्ये पुण्याहून आलेल्या बाईंनी विचारलं,
माणूस काम का करतो?
तेरा जण म्हणाले पैसा, एक म्हणाला भीती.
मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिलो.
माझं काम असं, की मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो
आणि ठरवतो एका बोल्टला किती सेकंद,
किती बोल्टनंतर बोनस.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत आमची सोसायटी होती.
सोळा माग, टिनाचं छप्पर,
आणि एक लोखंडी कपाट, ज्याची चावी सगळ्यांची
म्हणून कधीच सापडायची नाही.
शनिवारी मजुरी, सगळ्यांना सारखी.
चंद्रभान पौनीकर दुपारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
बसल्या बसल्या झोपायचा.
"थकला असन बिचारा," बाबा म्हणायचे, पहिल्या वर्षी.
दुसऱ्या वर्षी काही म्हणायचे नाहीत.
तिसऱ्या वर्षी बाबांचाही धोटा
जेवणानंतर जड व्हायला लागला.
हे मी पाहिलंय.
लाल झेंड्यावाल्या माझ्या दोस्तांना हे सांगितलं
की चहा गार होईपर्यंत ते मला समजावतात.

मग सोसायटी बुडाली.
सूत आलंच नाही, की आलं आणि वाटेत विकलं गेलं,
यावर गल्लीत अजून दोन पार्ट्या आहेत,
एकमेकांच्या मयतीलाही न जाणाऱ्या.
इतवारीचे शेठ आले. नगावर पैसे.
आणि काय सांगू, तोच चंद्रभान
पहाटे चारला माग सुरू करायचा.
दोन महिन्यांत त्याच्या दारात सायकल,
चौथ्या महिन्यात टेबलफॅन.
सहाव्यात शेठनी हिशेब केला,
हा एवढं विणतो म्हणजे
दरच जास्त लागलाय.
दर उतरला. सोळाच्या सोळा मागांचा.
चंद्रभानशी भांडायला कुणी गेलं नाही.
फक्त नळावर मैनाकाकूची घागर
रोज शेवटी लागू लागली.
हेही मी पाहिलंय. आता मी तेच करतो,
एक्सेलमध्ये.

बाई पडद्यावर गरजांचा पिरॅमिड दाखवत होत्या
आणि मला करवती काठ दिसत होता.
त्याला तीन धोटे लागतात, दोन काठांचे, एक अंगाचा.
बाबांचे हात दोनच.
पलीकडच्या काठाला मी, नऊ वर्षांचा,
दप्तर फेकून थेट पाटीवर.
सोसायटीच्या हजेरीत माझं नाव नव्हतं,
शेठच्या वहीतही नव्हतं.
कुणी पैसे देत नव्हतं, कुणी मारत नव्हतं.
बाबांचा धोटा माझ्या धाग्याला येऊन अडकायचा,
दातात दात बसायचा,
आणि कधीतरी बाबा मान वर न करता म्हणायचे, "हं."

एकदा माझा एक दात चुकला.
चार बोटं विणून झाल्यावर दिसला.
"राहू दे," बाबा म्हणाले, "शेठले नाही दिसत."
मी नाही राहू दिलं. हट्टानं सगळं उसवलं.
तासभर गेला.
कितीदा तरी हा प्रसंग मी लोकांना अभिमानानं ऐकवलाय.
तो तास बाबांच्या मजुरीतून गेला, माझ्या नव्हे,
हे मात्र परवा, पन्नाशीत,
गाडीत पेट्रोल भरताना लक्षात आलं.

बाईंच्या फॉर्मवर मी लिहिलं, छान, उपयुक्त.
मग लाइन चारवर गेलो.
तिथं करुणा ढोणे नावाची पोरगी
बोल्ट लावण्याआधी ॲप्रनच्या टोकानं पुसते.
कुणी सांगितलेलं नाही. बोनस त्यानं वाढत नाही, घटतो.
"काहून पुसतेस?" मी विचारलं.
घाबरली. "नाही पुसत, सर," म्हणाली.

दोन सेकंद.
मी ते 'वाया' या रकान्यात लिहिले, खोडले,
पुन्हा लिहिले.
दुसरा रकाना छापलेलाच नव्हता.